रविवारचं सावजी सोडलं तर ते धान्य उपाशी माणसाच्या ताटात जाईल का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा, की साळ्याच्या लग्नात आपल्या नागपूरच्या वर्धा रोडच्या लॉनवर रात्री साडेअकराला मटणाचं अर्धं पातेलं आणि जिरा राईसचे तीन ट्रे ड्रममध्ये उलटे करताना तुम्ही पाहिले, जीव हळहळला, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाणारी पुतणी म्हणाली की काका, एक किलो मटणाला सात किलो धान्य लागतं, तुम्ही दर रविवारी सावजी मटण खाता म्हणून जगात लोक उपाशी आहेत. आता तुम्ही विचारून राहिले की मटण सोडू का, आणि सोडलं तर ते धान्य खरंच कोणाच्या पोटात जाईल का. शेवटी जाता जाता लिहिलंय की पुढच्या महिन्यात धाकट्या भावाचं रिसेप्शन आहे, ४०० माणसांचं. माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीतच आहे, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी माझं सांगतो म्हणजे तुम्हाला वजन करून ऐकता येईल. मी इथल्याच सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो, पण गेली २४ वर्षं गाईम्हशींपेक्षा ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये आणि फीडच्या गोण्यांमध्येच गेली, उमरेड, कुही, भिवापूर, तिकडे भंडाऱ्यापर्यंत. म्हणजे कोंबडी विकली गेली तर माझं घर चालतं, हे ध्यानात ठेवा. आणि सात-आठ वर्षांपासून लग्नातलं उरलेलं अन्न उचलणाऱ्या पोरांच्या एका ग्रुपसोबत अधूनमधून रात्री फिरतो, त्यात चुकाही केल्या, एक पुढे सांगतो.

आता तो सात किलोचा आकडा. तो परदेशातल्या फीडलॉटमधल्या गुरांचा, जिथं जनावर बांधून शेवटचे काही महिने मका खाऊ घालून वजन चढवतात. तुमचं सावजी मटण बकऱ्याचं. आपल्याकडची बेरारी बकरी बांधावर, पडीत, नाल्याच्या काठी चरते, बाभळीच्या शेंगा खाते, तुरीचं न् सोयाबीनचं कुटार खाते. कुटार काही तुम्ही-मी खात नाही. जगभरातला हिशोब केला तरी जनावरं जे खातात त्यातला वजनानं ८६ टक्के भाग माणसाला खाता न येणारा असतो, गवत, कडबा, कोंडा, ढेप असं सगळं, असं एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेच्या लोकांनी २०१७ मध्ये मांडलं होतं. पण पुतणीला लगेच हा आकडा फेकून मारू नका, कारण त्याच अभ्यासात हेही आहे की जगातल्या एकूण तृणधान्याचा एक तृतीयांश हिस्सा जनावरांच्या पोटात जातो. दोन्ही खरं आहे. आणि बकरीचंही सरसकट नाही, ईदच्या आधी तीन महिने मका आणि ढेप चारून तयार केलेला बोकड वेगळा आणि कुहीच्या आजीबाईची चार शेळ्यांतली एक वेगळी. कोणतं मटण, कुठून आलं, यावर अवलंबून आहे.

कोंबडीचं मात्र मी छातीठोक सांगू शकतो कारण रोजचं काम आहे. एक क्विंटल फिनिशर फीडमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यात देतो त्यात, साधारण ६० किलो मका, ३० च्या आसपास सोया डीओसी (तेल काढल्यावर उरलेली सोयाबीनची पेंड), उरलेल्यात तेल, चुना पावडर, खनिजं, अमिनो ॲसिड, औषधं. कधी मका महाग झाला की थोडी तांदळाची कनकी टाकतो. दोन किलोचा पक्षी तयार व्हायला ३८-४० दिवस लागतात आणि तो साधारण ३.३ किलो फीड खातो. कापून, स्किन काढून हातात येते १.३ किलोच्या आसपास. म्हणजे दुकानातल्या एक किलो चिकनमागे अडीच किलो फीड, त्यात दीड किलो मका. सात नाही, अडीच. पण अडीचही काही फुकट नसते बरं. कॅलरी मोजल्या तर आत टाकल्या त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढ्या बाहेर येतात, प्रोटीन मोजलं तर तिसरा हिस्सा. हा तोटा आहेच, आमच्या धंद्यातला कोणी नाही म्हणत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकून राहिला आहे. पुतणीचा आकडा चुकला, मुद्दा नाही चुकला.

मग पुढचा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा तुम्ही खाल्लं नाही, तुमच्या नंदनवनच्या अख्ख्या गल्लीनं चिकन सोडलं. दीड किलो मका वाचला. तो जाईल कुठे?

मी फीडसाठी मका घेतो तेव्हा माझ्यासमोर बोली लावायला कोण असतं सांगतो. पूर्वी दुसरी फीड मिल असायची, नाहीतर स्टार्चवाला. आता इथेनॉलवाला असतो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला सरकारने बंधनं आणली, मग डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या, आणि दोन वर्षांत मक्याचा भाव कुठल्या कुठे गेला. एक टन मक्यातून पावणेचारशे लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं, ते तुमच्या स्कूटीत जातं, २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण गाठलं आपण. म्हणजे गल्लीनं चिकन सोडून वाचवलेला मका आधी पेट्रोल पंपावर जाईल हो, मेळघाटात नाही. मेळघाटातल्या बाईकडे बोली लावायला पैसे कुठे आहेत? धान्याला पाय नसतात, ज्याच्या हातात पैसा तो ते ओढून नेतो.

यात अजून एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, शेतकऱ्याचं मरण. इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो त्याला डीडीजीएस म्हणतात, प्रोटीन बरं असतं, स्वस्त मिळतो, मग आम्ही तो फीडमध्ये घातला आणि तेवढी सोया डीओसी कमी केली. मीही केली, खोटं कशाला बोलू. आणि सोयाबीनमध्ये तेल निघतं १८ टक्के, बाकी बहुतेक डीओसीच असते, तिचा भाव पडला की सोयाबीनचा भाव पडतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि आपल्या विदर्भातले शेतकरी चार हजाराच्या आगेमागे विकून राहिले होते. भाव पडायला बाकीही कारणं होती, आयात होती, जगाचा बाजार होता, पण हेही एक होतंच. तर सगळ्यांनी उद्या चिकन सोडलं तर पहिला दणका कोणाला बसेल, तर उमरेडच्या चार एकरवाल्या सोयाबीनवाल्याला, आणि त्याच्याच घरात पोरं नीट जेवत नाहीत. म्हणून मी या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणत नाही.

जगात धान्य कमी आहे का? वर्षाला २८० कोटी टनांच्या वर तृणधान्य पिकतं, आठ अब्ज लोकांत वाटलं तर माणशी दिवसाला जवळपास किलोभर येतं, त्यावर डाळी, दूध, भाजी वेगळं. तरी संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये ६७ कोटी ३० लाख लोक उपाशी होते, आणि २६० कोटी लोकांना धड पौष्टिक जेवण परवडत नव्हतं. सुदानमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत २०२४ ला दुष्काळ जाहीर झाला तो काही पाऊस नाही म्हणून नाही, लढाई चालू होती, रस्ते बंद होते. आपल्या अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच दाखवलं, की मजुराची मजुरी होती तेवढीच राहिली आणि तांदळाचा भाव चढत गेला, दुकानात तांदूळ दिसायचा आणि माणूस दुकानासमोर मरायचा.

मग मांस खाण्याचा भुकेशी काहीच संबंध नाही का, तर आहे. श्रीमंत देश जेव्हा माणशी वर्षाला १०० किलोच्या वर मांस खातात, जसं अमेरिकेत, तेव्हा त्या मक्या-सोयासाठी जमीन, पाणी, खत सगळं तिकडे ओढलं जातं आणि जगातला भाव वर राहतो, आणि भाव वर राहिला की धान्य विकत घेऊन खाणारे गरीब देश आधी चिरडतात. आपल्याकडे माणशी वर्षाला सात किलोच्या थोडं वर, त्यातलं निम्मं कोंबडीचं. तुम्ही रविवारी दीडपाव मटण चार जणांत खाता. त्यामुळे पुतणीनं हा प्रश्न न्यूयॉर्कवाल्याला विचारला तर जास्त बरोबर बसतो, काकाला विचारला तर थोडा कमी. अर्थात तुम्ही आठवड्यातून पाच दिवस बाहेर तंदुरी खात असाल तर माझं बोलणं मागे घेतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: सात किलो चूक, कोंबडीचे अडीच, बकरीचं कशी पाळली त्यावर, आणि वाचलेलं धान्य आपोआप गरिबाकडे जात नाही. आता वाया जाण्याचं बोलू, कारण तिथं तुमच्या हातात खरंच काहीतरी आहे.

मांस वाया जाणं म्हणजे काय ते मी एका मे महिन्यात पाहिलं. उमरेड रोडला एक शेड, ५,००० पक्षी, ३६ दिवसांचे, १.८ किलो वजन, दोन दिवसांनी लिफ्टिंग, म्हणजे विक्रीला उचलणार. बाहेर ४६ डिग्री. अशा दिवसांत आम्ही सकाळी अकरालाच फीड उचलून घ्यायला सांगतो, कारण खाल्लं की पचवताना पक्ष्याच्या अंगात उष्णता वाढते, बाजूनं ओले बारदाने लावतो, फॉगर चालू ठेवतो. सगळं केलं होतं बिचाऱ्यानं. दुपारी पावणेतीनला लाईट गेली आणि जनरेटर ऐनवेळी अडून बसला, चालूच होईना. मी पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. शेडमध्ये गेलं की कायम कलकल असते, त्या दिवशी नुसता धापा टाकण्याचा आवाज, सगळे चोच उघडून, पंख लांब करून तुसावर बसलेले, आणि जे भिंतीकडे सरकले होते ते एकमेकांवर चढून मेलेले. संध्याकाळपर्यंत ६०० च्या वर मरतूक. खड्डा खणला, चुना टाकला, पुरले. त्या ६०० पक्ष्यांनी तोपर्यंत सतरा क्विंटलच्या वर फीड खाल्लं होतं. एका दुपारी सतरा क्विंटल, कोणी फोटो काढला नाही, कोणाचा जीव हळहळला नाही, शेतकरी फक्त बादली घेऊन उभा होता. म्हणून म्हणतो, लॉनवरचं ड्रम दिसतं म्हणून ते मोठं वाटतं. फळं काढणीपासून बाजारापर्यंत येताना ६ ते १५ टक्के खराब होतात असा सरकारी अभ्यास आहे, कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या हंगामात सकाळी दहाला जाऊन पाहा, खाली पाय ठेवायला जागा नसते इतकी गळालेली, दबलेली संत्री. अवकाळी आला की तिथंच उघड्यावरचं धान्य भिजतं.

मटणाचं उलटं आहे. साखळीत मांस फार कमी वाया जातं, त्याच अभ्यासात सव्वादोन-अडीच टक्के. आपला खाटीक काय फेकतो सांगा? मुंडी विकली, खूर विकले, कलेजी, भेजा, वजडी, सुंदरी, सगळ्याला गिऱ्हाईक आहे, कातडं वेगळं जातं. सावजीवाल्याकडे तर खुराला रविवारी नंबर लावावा लागतो. वाया जातं ते आपल्या हातात आल्यावर, ताटात न् बफेत. आणि तिथं फेकलेलं एक किलो चिकन म्हणजे नुसतं एक किलो नाही ना, त्याच्यामागचे अडीच किलो फीड, ४० दिवसांचं पाणी, लाईट, सगळं गेलं. जगात २०२२ साली १०५ कोटी टन अन्न असं दुकानात, हॉटेलात आणि घरात मिळून फेकलं गेलं आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. लॉन बदनाम, फ्रीज मात्र सुटून जातो.

उरलेलं वाटण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की कोणाला तरी फोन करायला पाहिजे होता. साडेअकराला केला असता तर मी तरी ते मटण उचललं नसतं. माझी चूक आता सांगतो. अशाच एका मे मध्ये एका लग्नातले जिरा राईसचे चार ट्रे आम्ही मोठ्या डब्यांत गरम-गरम दाबून भरले, झाकण लावलं, फिरत फिरत रात्री एक वाजता एका बांधकामाच्या मजूर वस्तीत दिले. लोक झोपले होते, त्यांनी ठेवून दिलं आणि सकाळी पोरांना खाऊ घातलं. दोन लेकरं उलट्या करून करून गळून गेली. वाचली, देवाची कृपा, पण त्यांच्या मायनं माझ्याकडे जसं पाहिलं ते विसरत नाही. भातात एक जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि विष तयार करतात, ते विष परत गरम करूनही जात नाही. मी जनावरांचा डॉक्टर, फीडमधल्या बुरशीवर शेतकऱ्यांना लेक्चर देणारा, आणि भातावर चुकलो.

तेव्हापासून माझा नियम असा की बफेत मांडलेलं, लोकांचा चमचा लागलेलं घ्यायचंच नाही. किचनमधल्या भट्टीवर वाफ निघत असलेलं पातेलं असेल तर घ्यायचं, आणि दोन तासांत माणसाच्या हातात, त्यानं आपल्यासमोर खाल्लं पाहिजे. मठ्ठा, दहीवडा, पनीर, मलईवालं काही नाही. पोळ्या, सुकी भाजी, गोडात बुंदी चालते. मटणाचा रस्सा उकळता असेल तर हो, नाहीतर नाही. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचे, २०१९ चे नियमही आहेत, त्यात नोंद, वेळ, तापमान सगळं येतं, जो ग्रुप हे विचारत नाही त्याला देऊ नका. आणि त्यातूनही खरं सांगू का, त्या वस्तीतल्या माणसाला एका रात्री पुलाव मिळाल्यानं त्याची भूक मिटत नाही, दुसऱ्या दिवशी परत चूल आहेच. आम्ही ते करतो कारण फेकवत नाही. त्याला जागतिक भुकेवरचा उपाय म्हणायची मला लाज वाटते.

डुकरांना घालता येईल का म्हणाल तर उकळून घालता येतं, पूर्वी हॉटेलचं तसंच जायचं. पण न उकळता घातलं आणि त्यात आजारी डुकराच्या मांसाचा तुकडा असला की आफ्रिकन स्वाइन फीव्हर पसरतो, २०२० ला आसामपासून सुरू झाला तो अजून सतावतो आहे. आणि लॉनवाले एकाच ड्रममध्ये थर्माकोल, ग्लास, टिश्यू सगळं टाकतात, ते जनावराला कसं घालणार, ते भांडेवाडीच्या कचरा डेपोतच जातं.

एक गोष्ट पुतणीला आवर्जून सांगा. आपल्याकडे रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदयवाल्या घराला ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून फुकट. म्हणजे पोटात भर पडते. तरी २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. त्यांना अजून तांदूळ देऊन काय होणार, त्यांना डाळ पाहिजे, दूध पाहिजे, अंडं पाहिजे. एका अंड्यामागे लेअर, म्हणजे अंड्याची कोंबडी साधारण १३० ग्रॅम फीड खाते, त्यातून सहा ग्रॅम उत्तम प्रोटीन. धारणीच्या अंगणवाडीत सरकारच्या अमृत आहार योजनेचं अंडं खाणारं पोरगं मी पाहिलंय, आधी पांढरं सगळं खाल्लं, पिवळा गोळा मुठीत धरून ठेवला, म्हणे बहिणीला नेतो. त्या अंड्याचा मका वाचवायचा असेल तर मी नाही बाप्पा त्या बाजूला. रोज चिकन खाणारा आणि आठवड्याला अंडं न मिळणारं पोरगं यांना एकच सल्ला देताच येत नाही.

तर तुमचं रिसेप्शन. ४०० बोलावले ना, केटररला ४०० सांगू नका. मी पाहिलेल्या लग्नांत पाऊस, दुसरं लग्न, लांबचा लॉन असं धरून पाऊण लोक येतात. त्यात तुम्ही ५० वाढवून सांगता, केटरर स्वतःचे १० टक्के वाढवतो, आचारी अजून थोडं, म्हणून ड्रम भरतं. ३२० ची गॅरंटी द्या आणि केटररला विचारा की ऐन कार्यक्रमात किती वेळात काय वाढवू शकतो. भात आणि पोळी वीस-पंचवीस मिनिटांत होते, कच्चं सामान उरलं तर ते परत जातं, शिजवलेलं जात नाही. आयटम २२ असतील तर १२ करा, पनीरच्या तीन भाज्या कोणी मोजत नाही. मटणाचा काउंटर ठेवणार असाल तर बफेत उघडं पातेलं ठेवू नका, वाढणारा माणूस उभा करा आणि वाटी लहान ठेवा, लोक दुसऱ्यांदा येतात तेव्हा भूक असेल तेवढंच घेतात. किचनमध्ये दोन ड्रम, एकात फक्त ओलं. उचलणाऱ्या ग्रुपला आठवडाभर आधी सांगा आणि दहा वाजता बोलवा, साडेअकराला नाही. सावजीचा रस्सा तेवढा जास्त करायला सांगा, तो कधीच उरत नाही, आचारीच घेऊन जातो.